अंधार न पाहिलेली पिल्लं

छोट्या हत्तीच्या, म्हणजे त्या बुटक्या टेम्पोच्या मागच्या बाजूला संत्र्याचे आठ प्लास्टिक क्रेट होते, क्रेटांत कोंबडीची शहाण्णव पिल्लं होती आणि क्रेटांच्या मधोमध पोत्यावर मी बसले होते. सकाळचे सात वाजले होते. खापरखेड्याहून निघून सावनेरच्या रस्त्याला लागलो होतो. फेब्रुवारी संपत आला होता, तरी वारं कानात शिरत होतं. माझी सरकारी जीप रिकामी मागून येत होती. तिचा ड्रायव्हर दर फाट्यावर हॉर्न देऊन खुणावायचा, मॅडम, आता तरी पुढे येऊन बसा. मी हातानेच नाही म्हणायचे.

शेजारी वंदना बसली होती. दोन्ही तळहात दोन क्रेटांवर ठेवलेले.

"मॅडम, हे चूप काहून झाले?"

"गाडी हलते आहे ना. घाबरलीत. उतरवली की बोलतील."

"नक्की नं?"

"नक्की."

मी गुरांची डॉक्टर. तेव्हा सावनेर तालुक्यात पशुधन विकास अधिकारी होते, आता रिटायर झाले आहे. माहेर नागपुरातल्या महाल भागातलं. त्या गल्ल्यांत वाढलेल्या मुलीने कोंबडी पाहिली ती खाटकाच्या जाळीतच. पुढे नोकरीत बावीस वर्षं गाई-म्हशी पाहिल्या आणि कोंबड्या तोंडी लावायला. तरी पिल्लं कशी वाढवायची ते मी झोपेतही सांगू शकते, अशी माझी समजूत होती.

ही पिल्लं आठ बायकांची होती. आम्ही निघालो होतो त्या गावातल्या बचत गटाला योजनेतून प्रत्येकी बारा पिल्लं मिळाली, एक दिवसाची, मशीनमध्ये उबवलेली. अशा पिल्लांना आई नसते, म्हणून पहिले काही आठवडे ऊब आपण द्यायची. पत्र्याचं गोल कडं करायचं, खाली भाताचं तूस पसरायचं, वर बल्ब टांगायचे. ह्याला ब्रूडर म्हणतात. कडं गोलच हवं. कोपरा मिळाला की पिल्लं त्यात दाटी करतात, एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

अडचण विजेची होती. गावात भारनियमन. दिवसा तीन तास लाईन गेलेली, संध्याकाळी सहा ते आठ परत गेलेली, आणि मधे मनात येईल तेव्हा. गटाच्या मीटिंगमध्ये मी कंदील, शेगड्या असलं काहीबाही सुचवत होते, तेव्हा वंदना उठून उभी राहिली. तिचं सासर ह्याच गावातलं, पण नवरा पॉवर हाऊसमध्ये कामाला, त्यामुळे राहायची खापरखेड्याच्या कॉलनीत.

"आमच्या क्वार्टरमंधी लाईन जातच नाही, मॅडम. समद्यायची पिल्लं मी नेतो. महिन्याभरानं मोठी करून आणून देतो."

बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. एक जण म्हणाली, "दुसऱ्याचं लेकरू सांभाळाले घेऊ नये वं. खरचटलं तरी बोल लागते."

"लागू दे बोल," वंदना म्हणाली. "मी अमानत म्हणून नेतो."

तर अमानत म्हणून ती पिल्लं गेली. कोणतं कोणाचं हे कळावं म्हणून प्रत्येक पिल्लाच्या पायात लोकरीचा सैल धागा बांधला, आठ जणींचे आठ रंग. वंदनाचा निळा. पाय जाड होतील तसा धागा दर आठवड्याला सोडून परत बांधायचा, हे कामही तिनेच अंगावर घेतलं. नागपूरकडे प्रत्येक घरामागे एक मेलेला कूलर असतोच. तिने त्याचा पत्रा उलगडून कडं केलं आणि पाच आठवडे त्या खोलीत पिल्लांशेजारी अंथरूण टाकलं. पिल्लं वाढतील तशी ऊब कमी करायची, म्हणून बल्ब दर आठवड्याला वर उचलायचा असतो. तिने वीतभर सांगितला तर वीतभरच उचलला. पाचव्या आठवड्यात बल्ब इतका वर गेला, की त्याची ऊब खाली पोचतच नव्हती. मी विचारलं, "आता कशाला चालू ठेवलाय?"

"दिसत राह्यते, मॅडम. बरं वाटते."

मी मान डोलावली. पाच आठवड्यांत एकही मर नव्हती. मर म्हणजे आमच्या भाषेत मेलेल्या पिल्लांचा आकडा. रजिस्टरच्या त्या रकान्यात ओळीने शून्यं. मी इतकी खूष होते, की त्या बल्बाकडे परत पाहिलंही नाही.

पिल्लांना आता ऊब लागत नव्हती, म्हणून ती गावातल्या नव्या खुराड्यात हलवायची ठरली. आदल्या दिवशी माझ्या वरच्या साहेबांचा फोन आला होता.

"मॅडम, शिफ्टिंग दुपारी चारला ठेवा. मी नागपूरहून येतो, फीत कापू."

"सर, सकाळी ठेवू या. पिल्लांना नवी जागा कळायला दिवसभराचा उजेड लागतो. पाणी कुठे, खाणं कुठे, सगळं शोधावं लागतं त्यांना."

"पिल्लांना की तुम्हाला?"

"पिल्लांना, सर. मी कुठेही शोधते."

साहेब चिडले, पण सकाळी नऊला आले. तेव्हा मी जिंकले, म्हणून पुढे जे झालं त्यात सबब सांगायला मला जागा राहिली नाही.

खुराडं गिरजाबाईंच्या वाडीत बांधलं होतं. गुडघाभर विटांची भिंत, वर जाळी, वर टिनाचं छप्पर, आणि पुढे जाळीनेच झाकलेलं मोकळं अंगण. गिरजाबाईंचं वय साठीपुढचं, जीभ मात्र पंचविशीतली. त्यांनी जागा दिली, पण पिल्लं घ्यायला साफ नकार दिला होता. त्यांच्याकडे दोन-चार गावरान कोंबड्या होत्या, तेवढ्या पुरे म्हणायच्या.

"मले नको मशीनची पिल्लं. बिनमायची. त्यायले रात कोन शिकवन?"

"रात्र काय शिकवावी लागते का? ती आपोआप येते," मी म्हणाले आणि सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. ते हसू मला अजून आठवतं.

फीत कापली, नारळ फुटला, फोटो निघाले आणि साहेब गेले. मग क्रेट उघडले.

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. खुराड्याच्या दारातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. शहाण्णव पिल्लं त्या पट्ट्याच्या अलीकडे थबकून उभी. त्यांनी ऊन पाहिलंच नव्हतं. एका पिल्लाने, पायात पिवळा धागा, एक पाय उन्हात ठेवला, मागे घेतला, परत ठेवला. मग बाहेर गेलं. त्याच्यामागे दुसरं. पाचेक मिनिटांत सगळी अंगणात. मातीवर चोच मारून पाहिली, पायाने उकरली आणि काही तर अंग टाकून धूळ अंगावर उडवायला लागली. आमच्या भाषेत ह्याला डस्ट बाथ म्हणतात. पिसवा जाव्यात म्हणून कोंबडी मातीत अंघोळ करते. ह्यांनी तुसाशिवाय जमीन पाहिली नव्हती. आई दाखवायला नव्हती. कोणी शिकवलं?

आणि मग घार आली. आली म्हणजे उंचावरून नुसती गेली. तिची सावली अंगणावरून सरकली मात्र, एका पिल्लाने कधी न ऐकलेला बारीक, लांब आवाज काढला आणि शहाण्णवच्या शहाण्णव पिल्लं जागच्या जागी दबली. मान आत, पंख घट्ट. एक हालेना. घार निघून गेली, तरी मिनिटभर शांतता. जन्मापासून ज्यांच्या डोक्यावर क्वार्टरचं छत होतं, त्यांना आभाळातला वैरी ठाऊक होता! पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पाहिलं पहिल्यांदाच.

"पाह्यलं?" मी गिरजाबाईंना म्हणाले. "ह्यांना सगळं पोटातूनच येतं."

गिरजाबाई आपल्या कोंबड्यांना दाणे टाकायला निघून गेल्या. मी मात्र दिवसभर त्याच तोऱ्यात होते.

संध्याकाळी सव्वासहाला आम्ही पिल्लं आत घेतली. जाळीवर पोत्यांचे पडदे सोडले, दार लावलं. आठही जणी होत्या. मी निघणारच होते, पण गिरजाबाईंनी चहा टाकला होता. लाईन नेहमीप्रमाणे सहाला गेली होती. ओट्यावर बसून पहिला घोट घेतला आणि खुराड्यातून आवाज आला.

पिल्लांचे आवाज डॉक्टरला ओळखता येतात. भुकेचा वेगळा, थंडीचा वेगळा. हा त्यांतला नव्हता. ही किंकाळी होती, शहाण्णव गळ्यांची, आणि ती चढतच चालली होती. मी कप कुठे ठेवला आठवत नाही.

दार उघडून मोबाईलचा उजेड टाकला. खुराडं रिकामं. उजव्या कोपऱ्यात भिंतीच्या उंचीचा एक ढीग, हलणारा. सगळी पिल्लं एकमेकांवर चढली होती आणि वरची अजून वर चढत होती. मी गुडघ्यावर बसून ढिगात कोपरापर्यंत हात घातले आणि पिल्लं उपसून मागे फेकायला लागले. तळाची चार हाताला लागली ती मऊ आणि गरम होती, पण मेलेली.

"उजेड करा! सगळ्याजणी उजेड करा!" मी ओरडले.

ही माझी दुसरी चूक. आठ जणींनी जाळीच्या चहूबाजूंनी आठ टॉर्च लावले. पिल्लांनी कोपरा सोडला आणि धावली ती सरळ उजेडाकडे. जाळीपाशी आठ ढीग झाले. एकीने घाबरून टॉर्च हलवला तर तो ढीग तिकडे पळाला आणि वाटेतली पिल्लं तुडवली गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मल्यापासून पाच आठवडे त्या पिल्लांनी अंधार पाहिलाच नव्हता, एक मिनिटसुद्धा. उजेड हीच त्यांची आई, आणि आज आई डोळ्यांदेखत मेली होती. पुस्तकात एक ओळ असते, की पिल्लांना पहिल्यापासून रोज थोडा वेळ अंधाराची सवय करावी. ती ओळ मी बायकांना कधी सांगितलीच नाही. गरजच पडली नव्हती. बावीस वर्षं तालुक्यातल्या प्रत्येक पिल्लाला भारनियमन अंधार शिकवत होतं आणि मी समजत होते, की मी पिल्लं वाढवते.

वंदना मेलेली पिल्लं ओच्यात घेऊन उभी होती. रडत नव्हती. मोबाईलच्या उजेडात पायातले धागे पाहत होती. "एक लाल. तीन हिरवे," ती म्हणाली. "माझं एकही नाही, मॅडम. माझं एकही काहून नाही मेलं?"

मला तिच्याकडे पाहवेना. अमानत तिची, पण चूक माझी होती.

"बत्त्या बंद करा!" मागून गिरजाबाईंचा आवाज आला. त्यांच्या हातात डालं होतं, म्हणजे कोंबडी झाकायची बांबूची टोपली, आणि बगलेत एक काळी गावरान कोंबडी. पदरात तिची आठ दिवसांची पिल्लं चिवचिवत होती.

"आजी, बाहेरची कोंबडी आत नाही," मी म्हणाले. हा माझाच नियम. बाहेरच्या पक्ष्याबरोबर रोग येतो, म्हणून तो मी सकाळीच खुराड्याच्या भिंतीवर लिहून लावला होता.

"बिमारी उद्या येईन, मॅडम. हे आत्ता मरून राह्यले."

मी बाजूला झाले.

"बत्ती एकदम बंद नको," एवढं मात्र मी म्हणाले. "एकच ठेवा. मधोमध."

त्यांनी खुराड्याच्या मध्यावर कोंबडी आणि तिची पिल्लं बसवली, वर डालं उलटं झाकलं. मोठ्या परक्या पिल्लांना कोंबडी टोचते. डाल्याखालून तिला ते करता येणार नव्हतं. मी माझा मोबाईल डाल्यावर ठेवला, उजेड वर छपराकडे. मग बाकीचे आठही टॉर्च विझवायला लावले. दोघी-तिघींनी कुटाराची पोती आणून चारही कोपऱ्यांत कोंबली. कुटार म्हणजे गुरांसाठी ठेवलेला भुसा. कोपरेच संपले. पिल्लं धडपडत मधल्या उजेडाकडे आली, पण तिथे चढायला भिंत नव्हती. ती डाल्याभोवती गोल झाली.

मी ओढणीची एक घडी मोबाईलवर टाकली. उजेड मंद झाला. पिल्लं ओरडली.

आणि डाल्याखालून आवाज आला. कुर्र, कुर्र. अगदी हळू, घशातल्या घशात. कोंबडी पिल्लांना पंखाखाली घेऊन झोपवते तेव्हा काढते तो. दिवसा हा आवाज ती काढत नाही.

शहाण्णवातल्या उरलेल्या पिल्लांनी हा आवाज जन्मात ऐकला नव्हता. त्यांनी ऐकली होती ती उबवणीच्या मशीनची घरघर आणि क्वार्टरमधला टीव्ही. पण डाल्याला लागून असलेलं एक पिल्लू ओरडता ओरडता थांबलं. मान वाकडी करून ऐकलं. परत कुर्र. ते खाली बसलं. त्याच्या शेजारचं बसलं.

"आता थांबा," गिरजाबाई कुजबुजल्या. "तिले बोलू द्या."

दहा मिनिटांनी मी दुसरी घडी टाकली. थोडी गडबड झाली, कुर्र झालं, गडबड थांबली. मग तिसरी. प्रत्येक घडीला अंधार एक पायरी खाली उतरत होता आणि प्रत्येक पायरीवर ती काळी कोंबडी त्यांना धरून नेत होती. मी डाल्यापाशी आणि बाकीच्या नऊ जणी पोत्यांच्या पडद्याबाहेर, अशा आम्ही उकिडव्या बसलो होतो. कोणी खोकलंसुद्धा नाही. पाचव्या घडीला दिसेनासं झालं. मी ओढणीखाली हात घालून मोबाईल बंद केला आणि ऐकत राहिले.

काही नाही. नुसती पिसांची सळसळ.

मला रडू आलं. लाज वाटली नाही. एवढी पुस्तकं, एवढी वर्षं, आणि बोटभर घशातला तो आवाज! तो कोणी कोणाला शिकवला नव्हता, देणारीने दिला आणि घेणाऱ्यांनी घेतला. मी देवधर्म फारसा करत नाही. पण तिथून उठताना त्या डाल्यापुढे मी हात जोडले, आणि कोणी पाहिलं असेल तर पाहिलं असेल.

आठला लाईन आली, तेव्हा पिल्लं झोपली होती. मेलेली मोजली: सात.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी परत गेले. वंदना माझ्याआधीच अंगणात बसली होती. मांडीवर लोकरीचे गुंडे. ती एकेक निळ्या धाग्याचं पिल्लू धरून निळा धागा सोडत होती आणि लाल, हिरवा बांधत होती. ज्यांची गेली त्यांची भरपाई.

"बाराची बारा त्यायची भरून देतो," ती म्हणाली. "मंग पाच उरते माझ्याजवळ. बस झाले."

बाकीच्या बायका दारात उभ्या. लाल धाग्यावाली म्हणाली, "असं काहून करून राहिली वं?" पण नको असं कोणी ठामपणे म्हणेना. चूक माझी म्हणून मी रात्रीच सांगितलं होतं, पण सांगितल्याने पिल्लं भरून येत नाहीत.

गिरजाबाई डालं न्यायला आल्या होत्या. त्यांनी थोडा वेळ हे पाहिलं, मग वंदनाच्या हातातली कात्री काढून घेतली.

"काल अंधारात माझ्या कोंबडीनं कोणाचा धागा पाह्यला का वं?"

त्यांनी खाली बसून जवळचं पिल्लू उचललं आणि त्याचा धागा कापला. कोणता रंग होता ते पाहिलंही नाही. मग लाल धाग्यावाली आत आली, बसली, आणि तिने एक पिल्लू धरलं. तासाभरात एकोणनव्वद पिल्लांचे पाय मोकळे झाले. लोकरीचा रंगीत कचरा अंगणात पडला होता आणि पिल्लं त्यालाच चोची मारत होती. ती पिल्लं पुढे गटाची म्हणूनच वाढली.

कोंबडीबरोबर रोग आला नाही. तो न येणं हे माझं नशीब, कौशल्य नव्हे. भिंतीवरचा नियम मी तसाच ठेवला.

रिपोर्ट द्यायचा होता. त्यात एक रकाना असतो, मृत्यूचे कारण. मी लिहिलं, 'वीजपुरवठा पाच आठवडे अखंड सुरू राहिल्याने.' दोन दिवसांनी साहेबांचा फोन.

"मॅडम, लाईन गेल्यामुळे मेली ना? मग तसं लिहा."

"नाही सर. कधीच न गेल्यामुळे मेली."

"हे मी वर कसं पाठवू?"

"आहे तसंच पाठवा, सर."

त्यांनी 'इतर' लिहून पाठवलं.

पुढच्या वर्षी गटाला दुसरी बॅच मिळाली. पिल्लं कोणाकडे ठेवायची हा प्रश्नच निघाला नाही, सगळ्यांनी वंदनाच्या घरी पोचवली. तिसऱ्या आठवड्यात मी कॉलनीत तपासायला गेले. संध्याकाळचे सात. सगळ्या क्वार्टरना झगझगीत दिवे, हिच्याच खोलीत काळोख. दाराशी तिचा नवरा, ड्यूटीवरून आलेला, डबा हातात घेऊन उभा.

"मॅडम, तुमीच सांगा तिले. मी तिकडं चोवीस घंटे लाईट बनवून राह्यलो, अन् हे रोज सातले घरात अंधार करून बसते."

आतून वंदनाचा आवाज येत होता. कुर्र, कुर्र. बराच जमला होता.

"बसू द्या," मी म्हणाले आणि दाराबाहेरच थांबले.

त्या बॅचच्या रजिस्टरमध्ये मरच्या रकान्यात शेवटपर्यंत शून्य आहे.